इंजिनातली बेगमी कोणाची? अंबाडी नाका, चाकण आणि टर्बो-ट्यूनिंगचा इतिहास

१/ भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर अंबाडी नाका लागतो. येथूनच एक फाटा वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे वळतो. वसईच्या मोहिमेत चिमाजीअप्पांनी वज्रेश्वरीला नवस बोलला आणि १७३९ च्या विजयानंतर देवीचे मंदिर बांधले गेले, ही कथा इतिहासप्रेमींना परिचित आहे. या थ्रेडचा विषय मात्र त्याच फाट्यावरून आज धावू शकणारी एक मोटार आहे.

२/ कल्पना करावी. रविवारची पहाट आहे. ठाण्याकडून आलेली एक लहानशी हॅचबॅक नाक्यावर वेग कमी करते आणि फाटा ओलांडताच झेप घेते. कंपनीच्या माहितीपत्रकानुसार ती १०५ अश्वशक्तीची. परंतु कोणीतरी लॅपटॉप जोडून तिच्या इंजिनाच्या संगणकातील आज्ञा बदलल्या आहेत आणि आता ती त्याहून बरीच अधिक ताकद देते. बाहेरून एक स्क्रूही हललेला नाही. या गाडीला काय म्हणावे? छंद, कौशल्य की गुन्हा?

३/ प्रश्न तरुणांच्या हौसेचा वाटतो, पण त्याची मुळे सव्वाशे वर्षांच्या यंत्रेतिहासात आहेत. या थ्रेडचे प्रतिपादन असे : ट्यूनिंग करणारा नवी ताकद निर्माण करत नाही, कारखान्याने राखून ठेवलेली बेगमी तो उघडतो. ती बेगमी उघडण्याचा अधिकार कोणाचा, हा खरा वाद आहे. आणि जिथे जिथे हा वाद नीट सुटला, तिथे तो तपासणीच्या शिक्क्याने सुटला.

४/ आरंभ स्वित्झर्लंडमध्ये. आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याने १९०५ मध्ये एका कल्पनेचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त धुरात बरीच ऊर्जा वाया जाते. त्या धुरानेच एक चक्र फिरवावे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने ताजी हवा दाबून इंजिनात भरावी. हवा जास्त म्हणजे इंधन जास्त जाळता येते, म्हणजे ताकद जास्त. हाच टर्बोचार्जर. १९२० च्या दशकात जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांवर त्याने तो यशस्वी केला. तेथे १,७५० अश्वशक्तीचे इंजिन २,५०० पर्यंत गेले.

५/ दुसरा प्रयोग अमेरिकेत, तोही एका शिखरावर. विमान उंच गेले की हवा विरळ होते आणि इंजिनाला धाप लागते. १९१८ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉस यांनी लिबर्टी हे विमानाचे इंजिन कोलोरॅडोतील पाइक्स पीकवर, सुमारे ४,३०० मीटर उंचीवर नेले. खाली ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन माथ्यावर जेमतेम २३० वर आले. टर्बो जोडताच ते ३५६ वर पोहोचले. म्हणजे टर्बोचा जन्म शर्यतीसाठी झालेला नव्हता. जे वाया जाते ते परत मिळवणे आणि जे घटते ते भरून काढणे, हा त्याचा मूळ धर्म होता.

६/ प्रवासी मोटारीत टर्बो आला १९६२ मध्ये. जनरल मोटर्सची ओल्डस्मोबिल जेटफायर ही त्यांतली एक. हवा दाबली की तापते, आणि अति तापलेल्या मिश्रणाचा अवेळी भडका उडून इंजिनात नॉकिंग होते. त्यावर उपाय म्हणून जेटफायरमध्ये पाणी आणि मिथेनॉलच्या मिश्रणाची एक वेगळी टाकी होती. मालकाने ती वेळोवेळी भरायची. मालकांनी भरली नाही. तक्रारी इतक्या वाढल्या की पुढे कंपनीने टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून देण्याची सोय केली.

७/ ट्यूनिंगच्या इतिहासातला हा कळीचा प्रसंग आहे. कारखाना त्यातून एक धडा शिकला : यंत्र उत्तम असून भागत नाही, निष्काळजी मालकाच्या हातीही ते टिकले पाहिजे. म्हणून इंजिनाच्या क्षमतेचा काही भाग हेतुपुरस्सर वापरायचा नाही, तो राखून ठेवायचा. कोकणात पावसाळ्यापूर्वी घरोघरी अगोटीची बेगमी करतात, तशीच ही बेगमी. रोजच्या जेवणासाठी ती नसते. वाईट दिवसांसाठी असते.

८/ वाईट दिवस म्हणजे काय, हे अंबाडीतच पाहावे. मे महिन्याची दुपार, पारा चाळिशीला, पुढे खडीचे ट्रक, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रांगते आहे आणि टाकीत कोणत्या तरी पंपावरचे साधे पेट्रोल. १५ अंशांच्या हवेच्या तुलनेत ४० अंशांची हवा सुमारे आठ टक्के विरळ असते. शिवाय तप्त हवेने नॉकिंगचा धोका वाढतो. तेच इंजिन, त्याच आज्ञांसह, लडाखच्या खिंडीतही चालले पाहिजे आणि दहा हजार किलोमीटर तेल न बदलणाऱ्याकडेही. कंपनीने राखलेली ताकद या सर्वांसाठीचा विमा आहे.

९/ १९८० च्या दशकात या बेगमीला कुलूप बसले आणि ते इलेक्ट्रॉनिक होते. स्वीडनच्या साब कंपनीने नॉकिंग ऐकणारा संवेदक बसवला. इंधन हलके असेल तर संगणक टर्बोचा दाब आपोआप कमी करी, चांगले असेल तर वाढवी. येथून मोटारीच्या इतिहासात मोठे स्थित्यंतर घडले. तोवर ताकद धातूत होती. हेड घासायचे, जेट बदलायचे, पोर्ट मोठे करायचे, आणि हे सर्व डोळ्यांना दिसे. आता ताकद आकड्यांच्या तक्त्यात गेली. त्या तक्त्याला ‘मॅप’ म्हणतात आणि तो बदलण्याला ‘रिमॅप’.

१०/ महाराष्ट्राचा या कथेत प्रवेश होतो तो दोन कारखान्यांतून. २००१ पासून औरंगाबादजवळ (आताचे छत्रपती संभाजीनगर) स्कोडा ऑक्टाव्हिया जुळवली जाऊ लागली. तिची १.८ लिटर टर्बो पेट्रोल आरएस आवृत्ती १५० अश्वशक्तीची होती. सामान्य भारतीय मोटारी ज्या काळात त्याच्या निम्म्यावरही समाधानी होत्या, त्या काळातली ही गोष्ट. पुढे २००९ मध्ये पुण्याजवळ चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला आणि २०१३ मध्ये तेथून पोलो जीटी टीएसआय बाहेर पडली : १.२ लिटर, १०५ अश्वशक्ती, १७५ न्यूटन-मीटर टॉर्क.

११/ त्याच घराण्यातील १.२ लिटरचे इंजिन युरोपात ८६ अश्वशक्तीच्या रूपातही विकले जात होते. म्हणजे ‘या इंजिनाची ताकद किती?’ या प्रश्नाचे उत्तर केवळ धातूशास्त्र देत नव्हते. बाजारपेठ, करव्यवस्था, प्रदूषणाचे नियम आणि किंमतपत्रकही ते ठरवत होते. हे कळल्यावर तरुण मालकाच्या मनात प्रश्न येणे स्वाभाविक आहे : वस्तूचे पूर्ण पैसे मोजले असताना तिच्यातील राखीव भागावर कुलूप कोणाचे?

१२/ ट्यूनर काय करतो, ते थोडक्यात. ‘स्टेज वन’मध्ये केवळ सॉफ्टवेअर बदलते : टर्बोचा दाब, इंधनाचे प्रमाण, ठिणगीची वेळ. ‘स्टेज टू’मध्ये हवा आत घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा मार्ग मोकळा केला जातो. ‘स्टेज थ्री’मध्ये टर्बोच मोठा बसतो. पायरीगणिक बेगमी कमी होत जाते. या पोलोचा सात गिअरचा स्वयंचलित गिअरबॉक्स सुमारे २५० न्यूटन-मीटरसाठी आखलेला होता. इंजिन त्याच्या पुढे नेले तर भार क्लचवर येतो. ताकद फुकट मिळत नाही, तिचे बिल दुसऱ्या भागाच्या नावे फाटते.

१३/ ‘हे सगळे परदेशी खूळ’ असे म्हणणाऱ्यांनी भिवंडीचा इतिहास आठवावा. मुंबईच्या गिरण्यांनी टाकून दिलेले जुने माग या शहराने विकत घेतले, दुरुस्त केले, त्यांत फेरफार केले आणि त्यांच्यावर देशातील यंत्रमागांची एक मोठी वसाहत उभी केली. ज्या ज्ञानाला पदवी नव्हती, कारखान्याचे पत्र नव्हते, त्या ज्ञानाने यंत्रांना दुसरे आयुष्य दिले. निर्मात्याने दिलेले यंत्र हा अंतिम शब्द नसतो, ही जाणीव या तालुक्याच्या मातीत आहे.

१४/ कायद्याची भूमिका मात्र कठोर आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून फारकत घेणारा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही मनाई ठामपणे उचलून धरली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार, परवानगीबाहेरचा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

१५/ परंतु याच कायद्याने एक मोठा अपवाद आधीपासून मान्य केलेला आहे : इंधन बदलणारे किट. मुंबईच्या टॅक्सीचा इतिहास त्याची साक्ष देतो. १९९९ मध्ये ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम’ने मुंबई उच्च न्यायालयात धुराविरुद्ध दाद मागितली. त्यानंतरच्या आदेशांमुळे शहरातील हजारो जुन्या पद्मिनी टॅक्सी सीएनजीवर आल्या. कुर्ल्याच्या कारखान्यातून पेट्रोलवर बाहेर पडलेले इंजिन गॅरेजमध्ये बदलले गेले, आणि हे राज्यसंस्थेच्या संमतीने, किंबहुना तिच्या आग्रहाने घडले.

१६/ त्या बदलाला प्रतिष्ठा कशामुळे मिळाली? किटला मान्यताप्राप्त संस्थेची चाचणी होती, बसवणाऱ्याला परवाना होता, आर.सी. बुकात नोंद होती. चाचणी घेणाऱ्या संस्थांपैकी एक, ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया म्हणजे एआरएआय, १९६६ पासून पुण्यातच आहे. म्हणजे कारखान्याबाहेर इंजिन बदलणे तत्त्वतः अशक्य किंवा अनैतिक मानलेले नाही. रिमॅपला तसा शिक्का मिळवण्याची वाट तेवढी नाही.

१७/ जर्मनीने ही वाट फार पूर्वी बांधली. १९६० च्या दशकाच्या आरंभी बुर्कार्ड बोव्हेनझीपेन या तरुणाने बीएमडब्ल्यू १५०० साठी दुहेरी कार्ब्युरेटरची जोडणी तयार केली. ती इतकी चांगली होती की १९६४ मध्ये ती बसवलेल्या गाड्यांनाही बीएमडब्ल्यूने आपली हमी कायम ठेवली. हीच अल्पिना. १९८३ मध्ये जर्मन शासनाने तिला मोटार-निर्माता म्हणून मान्यता दिली. आजही तेथे गाडीत बदल केला की तपासनीस तो पाहतो, कागदपत्रांत नोंद होते. नोंद नसेल तर गाडीची रस्त्यावर चालण्याची अनुमती धोक्यात येते. स्वातंत्र्य आहे आणि त्यासोबत उत्तरदायित्वही.

१८/ १९६७ मध्ये मर्सिडीजच्या दोन माजी अभियंत्यांनी, हान्स व्हेर्नर आउफ्रेख्ट आणि एर्हार्ड मेल्खर यांनी, एएमजी ही ट्यूनिंगची संस्था काढली. पुढे मर्सिडीजने ती आपल्यात सामावून घेतली. २०२० मध्ये एएमजी जीएलसी ४३ कूपे ही दोन टर्बोंची गाडी भारतात जुळवली जाऊ लागली. कोठे? चाकणला! एकेकाळच्या ‘बाहेरच्या’ ट्यूनरचे नाव मिरवणारी गाडी तिथल्या कारखान्यातून सन्मानाने बाहेर पडते, आणि त्याच चाकणच्या पोलोला कोणी रिमॅप करू पाहिले तर त्याच्या हाती कोणताही कागद नसतो. हा विरोधाभास विचार करायला लावणारा आहे.

१९/ देशी प्रयत्नही झाला. टाटा मोटर्स आणि कोइम्बतूरच्या जयेम ऑटोमोटिव्ह्ज यांनी मिळून २०१८ मध्ये टियागो जेटीपी आणि टिगोर जेटीपी आणल्या : १.२ लिटर टर्बो, ११४ अश्वशक्ती. सामान्य खिशाला परवडणारी, कारखान्याच्या हमीसह ट्यून केलेली गाडी. बीएस-६ चा काळ आला आणि २०२० मध्ये तो प्रयोग थांबला. त्यामागे हिशेब होता. नव्या मानकांप्रमाणे पुन्हा चाचण्या करण्याचा खर्च थोड्याशा विक्रीत भरून निघणे कठीणच.

२०/ ‘कारखाना विश्वासार्ह, गॅरेज संशयास्पद’ हे समीकरणही तपासून पाहावे. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघड झाले की फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतील सॉफ्टवेअर चाचणी ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ दाखवत होते. भारतात एआरएआयच्या चाचण्यांनंतर डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने ३,२३,७०० गाड्या परत बोलावण्याचे जाहीर केले. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटींचा दंड सुनावला. त्यावर पुढे सर्वोच्च न्यायालयाने कारवाईला स्थगिती दिली. म्हणजे मॅपमधली लबाडी छोट्या गॅरेजची मक्तेदारी नाही. आणि ती पकडली गेली ती रस्त्यावर प्रत्यक्ष मोजमाप केल्यामुळे.

२१/ इथवर वाचून ट्यूनर मंडळी खूश झाली असतील, तर त्यांनी पुन्हा अंबाडी नाक्यावर यावे. ‘स्टेज टू’च्या नावाखाली अनेकदा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला जातो. धुरातील कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे निरुपद्रवी करणारा तो भाग. तो काढल्याने ताकद चालकाला मिळते आणि धूर मिळतो एस.टी.ची वाट पाहणाऱ्या बाईला, भाजीची टोपली घेऊन बसलेल्या म्हातारीला, शाळेच्या पोराला. इंजिनातली बेगमी मालकाची म्हणता येईल. नाक्यावरची हवा त्याची नाही.

२२/ पीयूसीच्या चाचणीत हे नेहमी सापडेलच असे नाही, कारण तेथे उभ्या गाडीचा धूर मोजला जातो. पूर्ण दाबावर धावणाऱ्या टर्बो इंजिनाचा धूर वेगळाच असतो. वेगाचेही तसेच. वज्रेश्वरीचा रस्ता म्हणजे शर्यतीचा ट्रॅक नव्हे. त्यावर भाविक चालतात, गुरे आडवी येतात. ज्याला बेगमी उघडून पाहायची आहे, त्याने ती बंदिस्त ट्रॅकवर पाहावी.

२३/ मग तोडगा काय? आश्चर्य म्हणजे तो कायद्यातच दडला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये एक परंतुक आले : वाहनातील बदलांसाठी तपशील आणि मान्यतेच्या अटी केंद्र सरकार ठरवू शकते, आणि अशा मान्य बदलांमुळे निर्मात्याची हमी रद्द समजली जाणार नाही. दार आहे, कडीही आहे. सॉफ्टवेअरच्या बाबतीत ती उघडली पाहिजे. रिमॅपचा नमुना एआरएआयसारख्या संस्थेत पूर्ण भारावर तपासावा, कन्व्हर्टर अबाधित असल्याची खात्री करावी, ट्यूनरला परवाना द्यावा, आर.सी. बुकात नोंद करावी, विमा कंपनीला कळवावे.

२४/ यावर आक्षेप येईल : श्रीमंतांच्या हौसेसाठी सरकारने यंत्रणा का राबवावी? उत्तर सोपे आहे. हौस बंदीने थांबलेली नाही. ती अदृश्य झाली आहे. इंजिनाचा क्रमांक आर.सी. बुकात असतो, मॅप नसतो. रस्त्यावरच्या पोलिसाला बोनेट उघडूनही तो दिसणार नाही. जे दिसत नाही त्याच्यावर दंडाचा धाक चालत नाही. नोंदणीची वाट असेल तर प्रामाणिक ट्यूनर त्या वाटेने येईल, आणि जो येणार नाही त्याला ओळखणेही सोपे होईल. शिवाय तपासणीचा खर्च हौस करणाऱ्याकडूनच घेता येतो.

२५/ ब्यूखीने वाया जाणाऱ्या धुरातून ताकद काढली. मॉसने विरळ हवेत इंजिनाला श्वास दिला. जेटफायरच्या मालकांनी टाकी भरली नाही आणि कारखान्याने बेगमीला कुलूप लावले. त्या कुलपाची दुसरी किल्ली असावी, पण ती मिळवताना सही करावी लागावी. रविवारच्या पहाटे अंबाडीचा फाटा ओलांडणाऱ्या त्या हॅचबॅकच्या आर.सी. बुकात ती नोंद असेल, तर नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाचाही तिच्यावर काही हक्क राहील.

(समाप्त)